सतराव्या खुंटीवरचे चार दिवस

शनिवार, २० मे २००६. ट्रॉय

येथील महाराष्ट्र मंडळाचे पुस्तकांचे कपाट सांभाळण्याचे काम मी मागितलेले नव्हते. गाणे, नाचणे, निवेदन यांपैकी काहीच न येणाऱ्या मुलीला काहीतरी द्यायचे म्हणून ते मला दिले गेले. आज त्या कपाटापाशी शोभनाकाकू बराच वेळ उभ्या होत्या. पुण्याच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि आता सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या आहेत. माझी नोंदवही चाळून म्हणाल्या, "तुझ्या वाक्यात क्रियापद हरवत नाही गं. हल्लीच्या मुली वाक्य सुरू करतात आणि मध्येच उठून जातात."

त्यांचा मुलगा चारुदत्त येथे मोटारींच्या सुट्या भागांची रेखाटने करतात. चारुदत्तांना मासे धरण्याचा नाद आहे. जूनमध्ये लेक ऑर्विन येथे चार दिवसांची स्पर्धा आहे, जोडीजोडीने खेळायची. त्यांचा जोडीदार टेक्सासला बदलून गेला. त्यांनी मला विचारले, "तू येतेस का? तुझं स्टॅट्स आहे, रेकॉर्ड नीट ठेवशील. फिशिंग मी शिकवतो, यार. फार काही नसतं त्यात."

मी हो म्हणाले. इतक्या लवकर मी कोणालाच कधी हो म्हटलेले नाही.

निघताना काकू हळूच म्हणाल्या, "हे फिशिंग एकदा आटपू दे. मग तुझ्या आईवडिलांशी मी स्वतः फोनवर बोलते."

येथे एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे, कारण ती मी कोठेच बोललेले नाही. मंडळात वडिलांविषयी कोणी विचारले की मी "उजनी धरणावर असतात" असे सांगते. ऐकणारे पाटबंधारे खात्यातला साहेब समजतात. आबा धरणावरच असतात, परंतु होडीत. आम्ही भोई. शाळेत माझ्या दप्तराला मासळीचा वास येतो म्हणून शेजारी कोणी बसत नसे. पहिला क्रमांक येऊ लागल्यावर बसू लागले.

रविवार, ४ जून

उद्यानातल्या तळ्यावर सराव झाला. चारुदत्तांनी मला गळाची काठी धरायला शिकवले आणि मी शिकल्यासारखे केले. त्यांच्याकडचे आमिष दुकानातले होते, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या गुलाबी गोळ्या. तीन तासांत एकही मासा फिरकला नाही.

तेव्हा मी म्हणाले, "मी एका पुस्तकात वाचलंय." भाजल्या शेंगदाण्यांचे कूट, ज्वारीचे पीठ, गूळ आणि थोडी बडीशेप. असा चारा मी आदल्या दिवशीच करून डब्यातून नेला होता. त्याचे गोळे पाण्यात टाकल्यावर तासाभरात दोन मोठे कार्प लागले. आमच्या धरणातही हा मासा मिळतो. त्याची ओढ मी हाताने ओळखते.

"कुठलं पुस्तक गं हे?"

"नाव आठवत नाही."

नाव न आठवणारे पुस्तक माझ्या आयुष्यात हे पहिलेच.

मग त्यांनी विचारले, आपल्याकडे बर्फाशिवाय मासे टिकवतात तरी कसे. मी त्याच पुस्तकाच्या नावावर सांगितले: विरळ विणीच्या गोणीत मासे घालायचे, तोंड बांधायचे आणि काठाच्या सावलीत, झाडाच्या मुळाला बांधून गोण पाण्यात सोडायची. अंधारात मासा शांत राहतो आणि सकाळी व्यापारी येईपर्यंत जिवंत असतो. त्यांना गाठही पाहायची होती. दोन वेढे सरळ, तिसरा उलटा. ओली झाली तरी सुटत नाही, आणि एका बोटाने ओढली की सुटते. ही गाठ आबांखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातची मी पाहिलेली नाही. चारुदत्तांनी ती अकरा वेळा बांधून पाहिली. इतक्या मनापासून शिकणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

संध्याकाळी आबांना फोन केला.

"मासं धरायची परीक्षा? आन् धरून?"

"वजन करायचं आणि परत सोडायचं."

"इकत न्हाईत व्हय?"

"नाही."

आबांनी विचारले, "मग त्या माशाला काय सांगत्यात, कशापायी धरलं म्हनून?"

बुधवार, ७ जून. लेक ऑर्विन

अठ्ठावीस जोड्या आहेत. काठावर क्रमांकाच्या खुंट्या ठोकून जागा आखलेल्या आहेत. चिठ्ठी एकदाच निघते आणि चारही दिवस तीच जागा राहते. आम्हाला सतरावी खुंटी आली. मागे कॉटनवूडचे मोठे झाड आहे आणि त्याची मुळे थेट पाण्यात उतरली आहेत. चारुदत्त खूश झाले.

क्लबचे अध्यक्ष मिस्टर हॅलम हे इंग्रज गृहस्थ चारुदत्तांचे साहेबही आहेत. ग्रीन कार्डाचे कागद त्यांच्याच टेबलावर अडले आहेत, असे काकूंनी वाटेत सांगितले. "पहिल्या तिघांत आला की साहेबांच्या डोळ्यांत भरेल."

नियमांची पुस्तिका बारा पानांची आहे. मी ती दोनदा वाचली. सकाळी सात ते संध्याकाळी पाच. धरलेले मासे पाण्यातल्या लांब जाळीत ठेवायचे. पाच वाजता पंच येऊन वजन करतात आणि पुढच्या खुंटीकडे जातात. त्यानंतर मासे ज्याचे त्याने सोडायचे. नववा नियम: वजनानंतर एकही मासा ठेवून घेता येणार नाही. त्याखाली मी रेघ मारली.

"सगळं पाठ केलंस?" चारुदत्त हसून म्हणाले. "व्हायव्हा घेणार आहेत की काय?"

गुरुवार, ८ जून

अकरा मासे, त्यांपैकी नऊ माझ्या गळाला. चौऱ्याऐंशी पौंड, पाचवा क्रमांक.

त्यांतला एक विसरता येणार नाही असा होता. त्याच्या अंगावर खवले जवळजवळ नाहीतच, त्वचा चामड्यासारखी गुळगुळीत. केवळ डाव्या कुशीवर, पाठीच्या पराखाली, पाच मोठे खवले एका ओळीत, त्यांतला चौथा फुटलेला. आणि शेपटीच्या खालच्या टोकाला नखाएवढी खाच. ह्याला येथे मिरर कार्प म्हणतात आणि तो क्वचितच मिळतो. मला चित्र काढता येत नाही, म्हणून शब्दांत लिहिते. चित्रापेक्षा शब्दांवर माझा विश्वास अधिक आहे.

वजन झाल्यावर चारुदत्त म्हणाले, "तू आईबरोबर गाडीत बस. इथे चिखल आहे, मासे मी सोडतो." माझे पाय चिखलात जाऊ नयेत असे आजवर कोणाला वाटले नव्हते.

चारा ज्या बासमतीच्या गोणीतून आणला होता ती सापडत नाही. काकूंनी टाकली असावी.

मोटेलच्या खोलीत मी तीन वेळा लिंबाने हात धुतले. "किती धुशील गं?" काकू म्हणाल्या. "कातडी निघेल."

शुक्रवार, ९ जून

वारा होता. मी पाच मासे धरले आणि चारुदत्तांनी दोन. माझ्या वहीत सात, आणि संध्याकाळी जाळीत बारा निघाले. मी चहा ओतत असताना किंवा प्रसाधनगृहात गेले असताना त्यांना लागले असणार. नोंदी ठेवण्याच्या कामासाठी मला आणले आणि मी त्यातच चुकले. त्यांनी मोठ्या मनाने काही म्हटले नाही. उलट ते पहाटेच उठून सहाच्या आत काठावर जाऊन जागा मांडून ठेवतात, म्हणजे मला सातला येऊन केवळ बसायचे.

आश्चर्य म्हणजे जाळीत कालचा तो मासा पुन्हा होता. पाच खवले, चौथा फुटका, शेपटीला खाच. आबा म्हणतात, मासा आपली जागा सोडत नाही. मला एकदम भरून आले. सोडून दिल्यावरही कोणी आपण होऊन परत यावे!

तिसरा क्रमांक.

जेवणाआधी तळ्याकाठच्या बाकावर मी चारुदत्तांना सगळे सांगितले. पुस्तक कधीच नव्हते, आबा आहेत. चारा त्यांचा, गोण त्यांची, गाठ त्यांची.

"ह्यात काय, यार. उलट चांगलंय. म्हणजे ट्राइड ॲण्ड टेस्टेड आहे सगळं." मग म्हणाले, "आईला इतक्यात नको सांगूस. मी सांगेन नीट वेळ बघून."

छातीवरून काहीतरी उतरल्यासारखे वाटते. ते स्वतः सांगणार आहेत.

शनिवार, १० जून

वटपौर्णिमा. काकूंना उपवास. वड मिशिगनमध्ये कोठून येणार, म्हणून त्यांनी आमच्या मागच्या कॉटनवूडलाच वड मानले. दोरा आणायचा राहिला होता.

"आई, नायलॉन चालेल? तीस पौंड ब्रेकिंग स्ट्रेंथ आहे. बाबा कुठे जात नाहीत."

"थट्टा करू नकोस रे." तरीही त्यांनी गळाचीच दोरी घेतली आणि बुंध्याला सात फेरे घातले. मी ताटली धरून उभी होते. सातवा फेरा संपल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला बोट लावले. "पुढच्या वर्षी तुलाही करावं लागेल. बघून ठेव."

बघून ठेवले.

मुळांपाशी फूल सोडायला त्या खाली वाकल्या तेव्हा चारुदत्त किती घाईने पुढे आले! "आई, तिकडे नको, घसरशील." त्यांचे आईवर फार प्रेम आहे.

माझ्या वहीत नऊ. जाळीत पंधरा. आज मी प्रसाधनगृहातही गेले नव्हते. बहुधा उन्हाने मन ठिकाणावर राहत नसावे, किंवा त्या फेऱ्यांमुळे. मिरर कार्प तिसऱ्यांदा. एवढ्या तळ्यात तोच मासा तीन दिवस ओळीने एकाच खुंटीवर येण्याची संभाव्यता काढू लागले. उत्तर इतके लहान आले की दोनदा तपासले. परीक्षेत असे उत्तर आले असते तर मी गृहीतकच बदलले असते.

पहिला क्रमांक.

रविवार, ११ जून

आज लिहिता येत नाही.

मंगळवार, १३ जून. ट्रॉय

जसे घडले तसे लिहिते.

रविवारी पाच वाजता मिस्टर हॅलम स्वतः वजनाला आले. मिरर कार्प तराजूवर आला तेव्हा ते सहज म्हणाले, असा मासा ह्या तळ्यात मी दोन वर्षांत पाहिला नाही. तुम्हाला काही विशेष आढळले का? वीस माणसे उभी होती. प्रश्नाचे उत्तर मला येत होते. येत असलेल्या उत्तराला हात वर न करता बसणे मला बालवाडीपासून जमलेले नाही. मी इंग्रजीत म्हणाले, "हा तोच मासा आहे. चारही दिवस तो आमच्याकडे आला." वाक्य बिनचूक होते. मनात जुळवून मगच उच्चारले होते.

मिस्टर हॅलमनी चारुदत्ताकडे पाहिले. चारुदत्ताने माझ्याकडे पाहिले.

अर्ध्या तासाने आम्हाला तंबूत बोलावले. एक पंच आमच्या झाडावरची नायलॉन कापायला गेला होता. पक्ष्यांचे पाय अडकतात म्हणून. फेरे कापताना त्याला मुळाशी बांधलेली दोरी दिसली. टेबलावर बासमतीची ओली गोण ठेवलेली होती. रिकामी.

त्या गोणीकडे पाहताच वहीतले सात आणि बारा, नऊ आणि पंधरा आपोआप जुळले. गणित सोपे होते. मी ते दोन दिवस माझ्याच चुकीच्या खाती टाकत आले होते.

मिस्टर हॅलमनी दोरीचे टोक वर धरले. असली गाठ मी आयुष्यात पाहिली नाही, म्हणाले. ही कोण बांधतो?

चारुदत्त गप्प होता. पुन्हा प्रश्न, पुन्हा शांतता, आणि उत्तर मला येत होते.

"ही माझ्या वडिलांची गाठ आहे," मी म्हणाले. "मला येते."

ती त्यालाही येते, मी शिकवली, अकरा वेळा बांधून घेतली, हे पुढचे वाक्य मी मनात जुळवत होते. तेवढ्यात चारुदत्त बोलला. त्याचे इंग्रजी नेहमीच माझ्यापेक्षा वेगवान. "सर, हिचे वडील मच्छीमार आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. त्यांच्यात मासा परत सोडत नाहीत. हिला खेळाचे नियम समजले नसतील. मला कल्पना असती तर मी थांबवलं असतं." स्वर अतिशय सौम्य होता. माझी बाजू मांडत असल्यासारखा.

बाराही पाने मला पाठ होती. नववा नियम मी तेथे म्हणून दाखवू शकले असते. पण माझ्या तोंडून केवळ एवढेच निघाले: "मी रोज लिहिते." आणि ही वही मी टेबलावर ठेवली.

मिस्टर हॅलमनी पाने उलटली. मासे रोज कोण सोडत होते, ती गोण कधी हरवली, सगळे ह्यात होते, त्या त्या दिवशीचे. त्यांना एक अक्षर वाचता येईना. शब्दांऐवजी मी चार वेडीवाकडी चित्रे काढली असती तरी पुरले असते. हे कोणी वाचू शकेल का, त्यांनी विचारले. तंबूच्या दाराशी काकू उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, वयस्क, कालच्या उपवासाने थकलेल्या. त्यांच्याहून विश्वासाचा माणूस कोणाला सापडणार?

काकूंनी चष्मा लावला आणि वाचायला बसल्या. सावकाश, उत्तरपत्रिका वाचतात तशा. शुक्रवारच्या पानावर बराच वेळ थांबल्या. शनिवारच्या पानावर त्यांचे ओठ हलले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. निकालाच्या दिवशी फळ्याकडे पाहावे तशी. माझी वाक्ये त्यांना आवडतात, माझे क्रियापद हरवत नाही, त्यामुळे मला भीती वाटत नव्हती.

वही मिटून त्या जपून जोडलेल्या इंग्रजीत म्हणाल्या, "ह्यात मुलीच्या खाजगी गोष्टी आहेत. हवा, जेवण, घरची आठवण. माशांविषयी काही नाही."

मिस्टर हॅलमनी "थँक यू, मॅडम" म्हटले.

वही माझ्या हातात देताना काकू मराठीत, अगदी हळू बोलल्या. "तू हुशार आहेस, रेणू. तुझं कुठेही अडणार नाही. त्याचे कागद त्या टेबलावर आहेत गं." आणि थोडे थांबून, "वडिलांचं आधी सांगायला हवं होतंस."

परतीच्या दोन तासांच्या वाटेत काकूंनी मध्ये एकदा मला दाण्याचा लाडू दिला. मी तो खाल्ला. नाही म्हणता आले नाही.

रविवार, १८ जून

क्लबचे पत्र आले. आमच्या जोडीचे सर्व वजन रद्द. मासे दडवून ठेवल्याबद्दल कुमारी रेणू भोई हिला क्लबच्या कोणत्याही काठावर कायमची मनाई. श्री. चारुदत्त यांनी चौकशीत प्रांजळ सहकार्य केल्याची नोंद घेण्यात येत असून ते ऑगस्टच्या स्पर्धेत भाग घेऊ शकतात.

माझे आडनाव भोई नाही. अर्जावर मी काळे लिहिले होते. चौकशीत कोणीतरी दुसरे सांगितले असावे.

कपाटाची किल्ली मंडळात देऊन आले. ती कोणी मागितली नव्हती. पण पुस्तके घ्यायला आलेल्या दोन बायका माझ्याशी फार गोड बोलल्या.

रविवार, २ जुलै

आबांचा फोन आला.

"परीक्षेचा निकाल लागला का?"

"लागला. नापास झाले."

"तू?" ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "पेपर सोपा आसंल त्यो. सोप्या पेपरात हुशार पोरं गडबडत्यात."

शुक्रवारी चारुदत्ताची ईमेल आली आहे. इंग्रजी लिपीत मराठी. सगळे थंड झाले की शांतपणे बोलू. आईला तुझ्याविषयी अजूनही आदर आहे. कागद पुढे सरकले आहेत. आणि शेवटी: ऑगस्टमध्ये आठवड्याची मॅच आहे, हॅलमसाहेबांच्याच टीममध्ये घेतलंय, तुझ्या त्या चाऱ्याचं प्रमाण जरा लिहून पाठवशील का?

दोन दिवस ती ईमेल उघडून बसले. आज उत्तर लिहिले. कूट तीन भाग, ज्वारीचे पीठ दोन भाग, गूळ अर्धा भाग, भाजलेली बडीशेप मूठभर. रात्रभर भिजवावे आणि सकाळी गोळे करावेत. प्रत्येक ओळ खरी आहे.

रात्रभर भिजल्यावर कुटाचे तेल वर येते. तो तवंग पळीने काढून, वरचे सगळे पाणी ओतून मगच गोळे वळायचे असतात. तेल राहिले तर गोळा तळ गाठण्याआधीच पाण्यात फुटतो, आणि मासा तासन्‌तास त्या जागेकडे फिरकत नाही. आबा लहानपणी माझ्याकडून हे म्हणून घेत, पाढ्यासारखे.

ते वाक्य मी लिहिले नाही. पाठवण्यापूर्वी पत्र पुन्हा एकदा वाचून पाहिले. वाचताना काही राहून गेले आहे असे कोठेही वाटत नव्हते.